कमी आवाजाची आणि पक्की ओढ असलेली चिमणी कशी निवडायची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. जळगावात तिसऱ्या मजल्यावर नवा फ्लॅट, स्वयंपाकघर ८ बाय १० फूट, पश्चिमेला ड्राय बाल्कनी. बिल्डरने बाल्कनीच्या भिंतीत चिमणीसाठी ४ इंची भोक ठेवलंय, पण शेगडीची जागा समोरच्या भिंतीला, भोकापासून १२ फुटांवर. सासूबाईंना दमा आहे आणि शेवभाजीची फोडणी पडली की त्यांना ठसका लागतो. जुन्या घरातली चिमणी इतकी ओरडायची की दोन महिन्यांत ती लावणंच बंद झालं. आता दुकानदार १५०० सक्शनची, तिरक्या काचेची चिमणी घ्या म्हणतोय, आणि ही तरी शांत असेल का, असं तुम्ही विचारताय.

त्या ४ इंची भोकाला जोडली तर ती शांत नसेल आणि धूरही नीट ओढणार नाही. मग ती १५०० ची असो की २००० ची. बावीस वर्षं जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा या पट्ट्यात ओटे आणि चिमण्या बसवतोय. आवाजाची तक्रार आली की मी आधी यंत्र उघडत नाही, पाइप बघतो. दहातल्या सात-आठ घरांत दुखणं तिथेच सापडतं.

त्यामागचं गणित सोपं आहे. दुकानात ‘१२०० सक्शन’ म्हणतात म्हणजे तासाला १२०० घनमीटर हवा. एवढी हवा ६ इंची पाइपातून न्यायची तर तिला ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने पळावं लागतं. तीच हवा ४ इंची पाइपातून न्यायची तर वेग जातो ताशी १५० किलोमीटरच्या जवळ. घरातल्या चिमणीच्या मोटरला ते झेपतच नाही. मग हवा निम्म्यावर येते आणि मोटरची बाकीची सगळी ताकद पाइपात शिट्टी आणि घरघर होऊन बाहेर पडते. ४ इंच आणि ६ इंच ऐकायला जवळ वाटतात, पण ४ इंची पाइपाचं तोंड ६ इंचीच्या निम्म्याहूनही लहान असतं. आणि हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा आवाज १५ ते १८ डेसिबलने चढतो. १० डेसिबल चढले की आपल्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे वेग वाढला की आवाज किती पटींनी अंगावर येतो, ते बघा.

चोपड्याजवळच्या एका गावी चौदा माणसांचं घर आहे. तिथे महागडी चिमणी बसवलेली होती, पण पाइप ४ इंची, तीन वळणं, आणि पीओपीच्या मागे गोळा करून कोंबलेली पन्हाळीदार ॲल्युमिनियमची नळी. घरातल्या आजी मला म्हणाल्या, “भाऊ, हाई चिमणी शे का पिठनी गिरनी?” मी यंत्राला हात लावला नाही. भिंत कापून ६ इंची भोक केलं, पाइप सरळ नेला, तीनचं एकच वळण ठेवलं. तीच चिमणी आता पहिल्या स्पीडवर चालते आणि ओट्याशी उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलता येतं. नवीन यंत्र घेतलं असतं तर पैसे गेले असते आणि आवाज राहिला असता.

तुमचं फर्निचर अजून सुरू झालेलं नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. शेगडी समोरच्या भिंतीवरून हलवा आणि बाल्कनीच्या बाजूला आणा. १२ फुटांचा पाइप ३ फुटांवर येईल आणि बहुतेक एकाच वळणात काम होईल. प्रत्येक काटकोनी वळण हवेला कित्येक फूट सरळ पाइपाइतकं जड जातं, म्हणून दोन वळणं वाचवली तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. फक्त शेगडी बाल्कनीच्या दाराच्या थेट रेषेत ठेवू नका. पश्चिमेचा वारा ज्योत वाकवतो, आणि ज्योत वाकली की वाफही चिमणीला चुकवून तुमच्या तोंडावर येते.

भोक ६ इंची करून घ्या. कोअर कटिंगवाला दोन तासांत स्वच्छ करून देतो. त्याआधी तिथे बीम किंवा कॉलम नाही ना हे इंजिनीअरला विचारा आणि सोसायटीची परवानगी घ्या. दुकानदार ‘रिड्यूसर लावून देतो’, म्हणजे मोठं तोंड लहान पाइपाला जोडणारा तुकडा, असं म्हणाला तर ठाम नाही म्हणा. यंत्राचं तोंड जेवढं, तेवढाच पाइप शेवटपर्यंत. आत गुळगुळीत, पत्र्याचा कडक पाइप सगळ्यात चांगला. पन्हाळीदार नळी वापरावीच लागली तर ती पूर्ण ताणून, कमीत कमी लांबीची. नळीच्या वळ्यांवर हवा आपटते, तिथेच सीऽऽ असा आवाज येतो आणि तिथेच तेल साचतं. पीव्हीसी पाइप आपल्याकडे सर्रास वापरतात. मी टाळतो, कारण कधी चिमणीत तेल पेटलं तर तो वितळतो. पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे वाफेचं पाणी यंत्रात परत येत नाही.

बाहेरच्या तोंडाकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून जरा थांबतो. तुमचं तोंड पश्चिमेला आहे. खानदेशात उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर वारा त्याच बाजूने जोर धरतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या वाऱ्याच्याच भरवशावर. असा वारा थेट पाइपात शिरला तर चिमणीची ओढ कमी होते, आणि ती बंद असताना धूळ ओट्यावर येते. म्हणून खाली वळलेलं तोंड लावा आणि आत एकच हलकी झडप ठेवा. बऱ्याच यंत्रांत झडप आधीच असते. बाहेर दुसरी लावली की दोन्ही एकमेकींवर फडफडतात आणि तो टकटक आवाज रात्री फार जाणवतो. कबुतरांसाठी जाळी लावायचीच तर मोठ्या छिद्रांची. बारीक जाळी तेलाने दोन-तीन महिन्यांत बुजते. बाथरूमच्या शाफ्टमध्ये पाइप सोडायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. तुमची फोडणी वरच्यांच्या बाथरूममध्ये जाईल.

आता यंत्र. स्वयंपाकघराचं माप धरून हिशेब करतात तो असा: ८ बाय १० फूट आणि उंची १० फूट, म्हणजे साधारण २३ घनमीटर. तासाला १०-१२ वेळा हवा बदलावी असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्याने पावणेतीनशे घनमीटर पुरतात. पण तो ठोकताळा आपल्या काळ्या मसाल्याच्या तर्रीसाठी केलेला नाही. मी वीस वेळा धरतो, म्हणजे साडेचारशे ते पाचशे, आणि हे पाइप जोडल्यावर प्रत्यक्ष मिळायला हवेत. खोक्यावरचा आकडा मात्र पाइपाचा अडथळा जवळजवळ नसताना मोजलेला असतो. म्हणून तुमच्यासाठी १००० ते १२०० चं यंत्र बरोबर. ते मधल्या स्पीडवर पाचशेच्या आसपास ओढेल आणि वरचा स्पीड फक्त फोडणीच्या दोन मिनिटांसाठी राहील. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. तेव्हा जरा मोठं यंत्र घ्यायचं आणि ते हळू चालवायचं. लहान यंत्र सतत पूर्ण जोरावर पळवणं कानाला आणि मोटरला दोन्हीला वाईट. १५०० घ्यायला हरकत नाही, पण त्याचा आकडा बघून पैसे देऊ नका.

डेसिबलचा आकडा तर आणखी फसवा. एक कंपनी ५८ लिहिते, दुसरी ६५, आणि दोन्ही यंत्रं सारखीच निघतात. कारण एकीने एक मीटर अंतरावर कानाला येणारा आवाज लिहिलेला असतो आणि दुसरीने यंत्रातून निघणारा एकूण आवाज. या दोहोंत मोकळ्या जागेत साधारण ८ ते ११ डेसिबलचा फरक पडतो. शिवाय तो आकडा पहिल्या स्पीडचा की शेवटच्या, हे खोक्यावर ठळक लिहिलेलं नसतं. विक्रेत्याला दोन्ही विचारा. सांगता आलं नाही तर तो आकडा बाजूला ठेवा आणि स्वतः ऐका: शोरूममध्ये दुपारी, गर्दी नसताना, शेवटच्या आणि मधल्या स्पीडवर. वाऱ्यासारखा सूं आवाज कानाला सवयीचा होतो. मोटरचा एकसुरी गुंऽऽ आवाज कमी असला तरी डोकं उठवतो, तो असलेलं यंत्र घेऊ नका. फोनमधल्या आवाज मोजायच्या ॲपचा खरा आकडा धरू नका, पण एकाच फोनने, एकाच अंतरावरून दोन यंत्रांची तुलना करायला ते चालतं.

बीएलडीसी मोटर, म्हणजे आत कार्बनचे ब्रश नसलेली, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारी मोटर, परवडत असेल तर घ्या. वीज कमी खाते, स्पीडचे टप्पे जास्त मिळतात, आणि अगदी हळू चालवता येते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायलाही ती बरी.

तिरक्या काचेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या घरी नको. दिसायला छान आणि डोक्याला लागत नाही, हे खरं. पण फोडणीची वाफ एकदम, गोळ्यासारखी उसळते. ती ओढून घ्यायला यंत्राला दोन-चार क्षण लागतात. तेवढा वेळ ती कुठेतरी अडकून राहायला हवी. खाली पोकळी असलेली, पुढे आलेली चौकोनी चिमणी तिला ताटासारखी झेलते. तिरक्या काचेवरून ती वर घसरून छताला जाते. रुंदी शेगडीपेक्षा कमी कधीच नको. तीन बर्नरची शेगडी असेल तर ७५ सेंटिमीटर, चार असतील तर ९०. उंची ओट्यापासून मोजू नका. आपल्याकडे शेगडी ओट्यावर ठेवलेली असते, तेव्हा भांडं जिथे टेकतं तिथून मोजा. ६५ ते ७५ सेंटिमीटर ठीक, आणि कंपनीच्या पुस्तिकेत किमान अंतर दिलं असेल तर त्याच्या खाली जाऊ नका. दिसायला मोकळं वाटावं म्हणून फर्निचरवाले ती ९० वर चढवतात, आणि मग चिमणी ओढत नाही म्हणून मला फोन येतो.

जाळ्यांचे प्रकार लवकर आटोपतो. बारीक जाळीची कॅसेट आपल्या तेलाला टिकत नाही. स्टीलच्या नागमोडी पट्ट्यांचा बॅफल फिल्टर तुम्हाला योग्य: काढायचा, गरम पाण्यात सोडा आणि साबण टाकून भिजवायचा, धुवायचा. फिल्टरलेस चिमणीत हवेला अडथळा कमी आणि आवाजही थोडा कमी, पण तेल थेट पंख्याच्या घरात जातं. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यायची तयारी असेल तरच घ्या. ऑटो क्लीन ही सोय चांगली आहे. त्यात हीटर आतलं तेल वितळवून वाटीत उतरवतो. पण पाइप त्याने साफ होत नाही. आणि पाइप न लावता कोळशाच्या फिल्टरवर चालणारी चिमणी दम्याच्या माणसाच्या घरात बिलकूल नको. ती वास थोडा कमी करते. वाफ, उष्णता आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू घरातच फिरवत राहते.

ज्योतीचं मुद्दाम सांगतो. नुसतं दूध तापत असलं, धूर दिसत नसला, तरी गॅसच्या निळ्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तो दम्याला त्रास देतो. म्हणून गॅस पेटला की चिमणी पहिल्या स्पीडवर, असा नेम ठेवा. फोडणीआधी दोन-तीन मिनिटं सुरू करा आणि झाल्यावर दहा मिनिटं चालू राहू द्या. शांत चिमणी हवी ती याचसाठी. जी कानाला सहन होत नाही ती कोणी लावत नाही, आणि बंद चिमणीने सासूबाईंचा ठसका थांबणार नाही. तिखट फोडणी मागच्या बर्नरवर द्या. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने घरगुती चिमण्या तपासल्या तेव्हाही मागच्या बर्नरचा धूर पुढच्यापेक्षा चांगला ओढला जातो असंच दिसलं. घरी ही सवय लावायला पैसा लागत नाही.

जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला हवी. दारं-खिडक्या लावून घेतल्या तर उत्तम चिमणीही उपाशी राहते आणि जास्त ओरडते. समोरच्या बाजूची, हॉलकडची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. चिमणीच्या शेजारची खिडकी उघडू नका, नाहीतर ती त्याच खिडकीची हवा ओढत बसेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हॉलमध्ये कूलर असतोच. कूलरला आतली दमट हवा बाहेर जायला वाट लागते, चिमणीला बाहेरून हवा यायला वाट लागते. दोघांची जोडी छान जमते. स्वयंपाक चालू असताना चिमणी पहिल्या स्पीडवर ठेवली की कूलरचा गारवा स्वयंपाकघरापर्यंत ओढला जातो. माझ्या स्वतःच्या घरी उन्हाळाभर असंच चालतं. मात्र कूलरचा झोत शेगडीवर पडू देऊ नका. छताचा पंखाही फोडणीच्या वेळी बंद हवा, तो धूर चिमणीखालून पळवून घरभर करतो. उन्हाळ्यात पंखा बंद करा म्हणणं कठीण आहे हे मी जाणतो. तेव्हा भिंतीवरचा लहान पंखा हळू स्पीडवर, पाठीकडून अंगावर येईल असा लावा.

एक धोका सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. घरात बाथरूममध्ये गॅस गीझर असेल आणि सगळ्या खिडक्या बंद असतील, तर जोरदार चिमणी गीझरचा जळका वायू घरात ओढू शकते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. गीझर चालू असताना चिमणी लावू नका, आणि शक्य असेल तर गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत घ्या. सिलिंडर गळतोय अशी शंका आली तर चिमणीचं बटणही दाबू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, वरची चिमणी तो ओढत नाही. बटणाची ठिणगी मात्र घात करू शकते. खिडक्या-दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या.

काही कामं चिमणीकडून अपेक्षू नका. थंडीत बामणोदची वांगी आणाल, ती गॅसवर भाजाल, तर सालाची राख आणि धूर बॅफलमध्ये जाऊन बसेल आणि चवही येणार नाही. भरताची वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर, अंगणात किंवा गच्चीवर. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भाजताना, खापरावर मांडे करतानाही तेच. त्या दिवशी सासूबाईंना शेजारी पाठवलेलं बरं. रोजच्या शेवभाजीला, पातोड्यांच्या रश्शाला, ठेच्याच्या मिरच्यांना चिमणी पुरते.

बसवताना यंत्र थेट भिंतीवर, रबरी वॉशर घालून टांगायला सांगा. प्लायच्या कपाटाला ठोकलं की अख्खं कपाट ढोलासारखं घुमतं आणि आतले पेले वाजतात. पाइप भिंतीतून जातो तिथे सिमेंट घट्ट लावू नका. मध्ये थोडी फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरा. वर्षा-दोन वर्षांनी आवाज हळूहळू वाढला तर पंख्याच्या पात्यांवर तेलाचा थर एकीकडे बसून तोल गेलाय असं समजा आणि उघडून साफ करून घ्या. बॅफल तीन आठवड्यांनी, तेलाची वाटी आठवड्याला बघा.

फिटरचे पूर्ण पैसे देण्याआधी एक तपासणी करा. पंखे बंद, हॉलची खिडकी थोडी उघडी, चिमणी मधल्या स्पीडवर. पेटलेली उदबत्ती पुढच्या बर्नरच्या कडेला, भांड्याच्या तोंडाच्या उंचीवर धरा आणि सावकाश चारही कडांनी फिरवा. धूर सगळीकडून चिमणीकडे वळला पाहिजे. एखाद्या कडेला तो सरळ वर जाऊन पसरला, तर फिटरला तिथेच उंची आणि पाइपाचे सांधे पुन्हा बघायला लावा. मग बाल्कनीत जाऊन पाइपाच्या तोंडाशी हात धरा: झोत जोरात लागायला हवा आणि उदबत्तीचा वास तिथे यायला हवा. आत घरघर आणि बाहेर मंद झुळूक असेल तर मध्ये कुठेतरी नळी दबली आहे.